वही कोणाच्या हातात?

1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला. हे लोण पाहता पाहता नगर जिल्ह्यात, पारनेर-श्रीगोंद्यापर्यंत पोचलं. इतिहासाच्या पुस्तकांत ही घटना ‘दख्खनचे दंगे’ या नावाने येते. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपल्यावर कापसाचा भाव कोसळला होता, शेतसारा वाढला होता आणि कर्ज देणाऱ्यांनी हात आखडता घेतला होता. दंग्यांची चौकशी करणाऱ्या सरकारी आयोगाला एक गोष्ट ठळकपणे दिसली. जमावाला हवे होते ते कागद : कर्जरोखे, गहाणखतं, हुकूमनामे. सावकाराने ते मुकाट्याने हवाली केले, तिथे बहुधा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. कागद जाळले की लोक पांगत.

या रागाचं मूळ त्या कागदांच्या स्वरूपातच होतं. कुळाची जमीन किती, पीक कोणतं, घरात लग्न कधी निघालं, बैल कधी मेला, हे सगळं सावकाराला ठाऊक असे आणि त्याच्या वहीत उतरलेलं असे. वही त्याच्या घरी, लिहिणारा त्याचा. शेतकरी रोख्याच्या तळाशी नांगराची निशाणी करून मोकळा होई. वर काय लिहिलंय ते त्याला वाचता येत नसे, आणि फेडलेल्या पैशाची पावतीही पुष्कळदा मिळत नसे.

चार वर्षांनी, 1879 मध्ये, दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. तो सुरुवातीला पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. शेतकऱ्याचा रोखा गावच्या निबंधकासमोर व्हावा, फेडीची लेखी पावती मिळावी, मागितल्यास सावकाराने वर्षाचा हिशेब लिहून द्यावा आणि पासबुक द्यावं, अशा तरतुदी त्यात होत्या. कर्जबाजारीपणा या कायद्याने मिटला नाही. पण ज्याच्याविषयी लिहिलं जातं त्याला ते पाहण्याचा हक्क आहे, हे तत्त्व या मातीत तेव्हा कायद्याच्या अक्षरात उतरलं.

आज आपल्याविषयीची सर्वांत मोठी वही आपल्याच खिशातल्या फोनमधून लिहिली जाते. ती कोण लिहितं, तिचं पुढे काय होतं आणि ती आपल्या हाती परत कशी घ्यायची, हा या प्रकरणाचा विषय आहे.

एका भावाची चौकशी

नेवासे तालुक्यातल्या घोडेगावचा कांदाबाजार प्रसिद्ध आहे. समजा, एखादा शेतकरी सकाळी फोनवर घोडेगावचा भाव शोधतो आणि एक संकेतस्थळ उघडतो. पान उघडेपर्यंतच्या त्या क्षणात बरंच काही घडतं. पानावर जाहिरातीची रिकामी चौकट असते. ती चौकट कोणाला विकायची याचा लिलाव तेवढ्या वेळात होतो. बोली लावणाऱ्या कंपन्यांना कळवलं जातं, की हा फोन अमुक बनावटीचा आहे, अमुक भागात आहे आणि त्याच्या ब्राउझरमधला ओळख क्रमांक (कुकी) अमुक आहे. ॲपमध्ये हेच काम जाहिरात क्रमांक करतो. तो अँड्रॉइड फोनला आपसूक मिळालेला असतो. एकाच फोनवरची वेगवेगळी ॲप हाच क्रमांक वाचू शकतात. अशा क्रमांकांमुळे कांद्याचा भाव, काल पाहिलेला ट्रॅक्टर, परवा शोधलेलं गुडघेदुखीचं औषध आणि रात्री अकराला उघडलेलं कर्जाचं ॲप या चार नोंदी एकाच माणसाच्या खात्यावर जमा होऊ शकतात. लिलाव जिंकणारा एकच असतो, पण माहिती बोली लावणाऱ्या सगळ्यांपर्यंत पोचलेली असते.

हा धंदा किरकोळ नाही. गुगलची मालक कंपनी अल्फाबेट हिची 2023 ची कमाई सुमारे 307 अब्ज डॉलर होती आणि त्यातले जवळपास 238 अब्ज जाहिरातींतून आले. म्हणजे दर 100 डॉलरमागे 77. शोध, नकाशे, मेल, व्हिडिओ हे सगळं आपल्याला फुकट मिळतं, ते या उत्पन्नाच्या जोरावर. जाहिरात नेमक्या माणसाला दाखवता येते म्हणून तिला भाव मिळतो, आणि नेमका माणूस सापडतो तो नोंदींमुळे.

आपण ‘नको’ म्हटल्यावर तरी नोंद थांबते का? स्थान-इतिहासाची सोय बंद केल्यावरही इतर मार्गांनी ठिकाण नोंदलं जात होतं, या आरोपावरून गुगलने 2022 मध्ये अमेरिकेतल्या 40 राज्यांशी 391.5 दशलक्ष डॉलरची तडजोड केली. आपल्याकडे व्हॉट्सॲपने 2021 मध्ये नवं धोरण ‘मान्य करा, नाहीतर सेवा सोडा’ अशा पद्धतीने पुढे केलं. त्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये व्हॉट्सॲपची मालक असलेल्या मेटा कंपनीला 213.14 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. कंपनीने त्याविरुद्ध अपील केलं. निवड देण्याचा देखावा म्हणजे संमती नव्हे, हे तरी या प्रकरणांतून लोकांसमोर आलं.

‘आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?’

हा प्रश्न घरोघरी येतो, आणि त्याला प्रामाणिक उत्तर द्यायला हवं.

शनिशिंगणापूर हे नगर जिल्ह्यातलंच गाव. तिथल्या घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, ही श्रद्धा जगभर ठाऊक आहे. कुत्री-जनावरं आत शिरू नयेत म्हणून लोक चौकटीला फळी टेकवतात. 2011 मध्ये तिथे युको बँकेची ‘बिनकुलपाची’ शाखा उघडली. तिचं दार काचेचं ठेवलं होतं, पण त्याला सहसा नजरेस न पडणारं विद्युतचुंबकीय कुलूप होतं. गावाचा विश्वास आणि खातेदारांचा पैसा या दोन्हींचा मान राखण्याचा तो मार्ग होता. शेजाऱ्यावर विश्वास असणं ही मोठी गोष्ट आहे. पण आपला पैसा-अडका, दवाखान्याचे कागद, लेकीच्या स्थळाची बोलणी अनोळखी माणसासमोर मांडून ठेवायला त्या गावातलाही कोणी तयार होणार नाही.

काय उघडं असावं आणि काय झाकलेलं, हेही याच जिल्ह्याने दाखवून दिलंय. हिवरे बाजारला दर वर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. पाऊस किती पडला, पिण्याला किती लागेल, कोणती पिकं परवडतील, हे सगळ्यांसमोर ठरतं. राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी आंदोलन उभारलं. महाराष्ट्राचा कायदा 2002 चा आणि देशाचा 2005 चा. सार्वजनिक पैशाची वही जनतेला दिसली पाहिजे, हा त्या लढ्याचा गाभा होता. खासगीपणाचा हक्क ही त्याच तत्त्वाची दुसरी बाजू आहे. ज्याच्या हाती सत्ता, त्याचा कारभार उघडा हवा. सामान्य माणसाचं आयुष्य त्याच्या परवानगीशिवाय उघडं पडता कामा नये. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल एकमताने दिला.

सोप्यापासून सुरुवात

सगळं एका दिवसात सोडायला निघालेला माणूस आठवड्याभरात परत जागेवर येतो. म्हणून जिथे त्रास कमी आणि फायदा जास्त, तिथून सुरुवात करावी.

पहिलं काम पाच मिनिटांचं आहे. फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘जाहिराती’ असं शोधा आणि जाहिरात आयडी, म्हणजे वर सांगितलेला जाहिरात क्रमांक, हटवा. नव्या अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय आहे. मग प्रत्येक ॲपच्या परवानग्या पाहा. बॅटरी ॲपला संपर्कयादी कशाला हवी? कॅल्क्युलेटरला स्थान कशाला? ज्याचं कारण सापडत नाही ती परवानगी काढून टाका.

दुसरं, ब्राउझर. क्रोमऐवजी फायरफॉक्स घ्या आणि त्यात ‘युब्लॉक ओरिजिन’ हा जोड बसवा. वर सांगितलेला लिलाव बहुतेक ठिकाणी सुरूच होत नाही. पानं लवकर उघडतात, डेटाही वाचतो. फायरफॉक्स मोझिला या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली तयार होतो आणि मराठीतही मिळतो. मोझिलाचं बरंचसं उत्पन्न गुगलला मूळ शोधयंत्र म्हणून ठेवण्याच्या करारातून येतं, हेही वाचकाने लक्षात ठेवावं. म्हणून शोधयंत्र आपण स्वतः बदलायचं. डकडकगो शोधांचा इतिहास माणसाच्या नावे साठवत नाही. त्याचे निकाल मुख्यतः मायक्रोसॉफ्टच्या बिंगवरून येतात, त्यामुळे मराठी शोधात ते कधी कधी तोकडे पडतात. अशा वेळी तेवढ्यापुरतं गुगलकडे जायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही : कीबोर्ड. आपण टाइप केलेलं प्रत्येक अक्षर आधी कीबोर्डच्या हातून जातं. पासवर्डही, नवऱ्या-बायकोतलं बोलणंही. म्हणून कीबोर्ड विश्वासाचा हवा. ‘इंडिक कीबोर्ड’ हा मुक्त स्रोताचा, म्हणजे आज्ञावली कोणालाही तपासता येईल असा, कीबोर्ड भारतीय भाषांसाठीच बनला आहे आणि त्यात मराठी आहे. ‘हेलिबोर्ड’ हा दुसरा पर्याय. तो इंटरनेटची परवानगीच मागत नाही, त्यामुळे टाइप केलेलं बाहेर पाठवायला त्याच्याकडे वाटच उरत नाही. बोलून टाइप करण्याची सोय मात्र तिथे गुगलइतकी चांगली मिळणार नाही. ज्यांचं सगळं काम बोलून टाइप करण्यावर चालतं, त्यांनी हा बदल शेवटी करावा.

ही ॲप शोधायला ‘एफ-ड्रॉइड’ हे भांडार उपयोगी पडतं. तिथे फक्त मुक्त स्रोताची ॲप असतात आणि एखाद्या ॲपमध्ये माग काढणारं काही असेल, तर तसा इशारा दिलेला असतो.

रेंज नसलेल्या डोंगरातला नकाशा

अकोले तालुक्यात कळसूबाई आहे, 1646 मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर. रतनगड, हरिश्चंद्रगड, भंडारदऱ्याचं पाणलोट हे सगळं याच टापूत. इथे पुष्कळ ठिकाणी मोबाइलची रेंज जाते आणि नेटवर चालणारा नकाशा कुचकामी ठरतो. म्हणून ट्रेकला जाणारी मंडळी ‘ऑर्गॅनिक मॅप्स’ किंवा ‘कोमॅप्स’ ही नकाशाची ॲप वापरतात.

ते कसं चालतं ते जवळून पाहू. घरी वायफायवर राज्याचा नकाशा एकदाच उतरवून घ्यायचा. मग हरिश्चंद्रगडाकडे जाणाऱ्या पाचनईच्या वाटेवर फोन विमान-मोडवर असला तरी चालतो, कारण उपग्रहाचा सिग्नल घ्यायला इंटरनेट लागत नाही. पायवाटा आणि उंचीच्या रेषा पडद्यावर दिसत राहतात. आपण कुठे आहोत हे फक्त आपल्या फोनला कळतं. कोणत्याही कंपनीकडे ती नोंद जात नाही.

या नकाशामागे ‘ओपनस्ट्रीटमॅप’ आहे. स्टीव्ह कोस्ट यांनी 2004 मध्ये इंग्लंडमध्ये तो सुरू केला आणि जगभरातले स्वयंसेवक तो भरतात. एखादी वाडी, आदिवासी पाडा, बारव किंवा शाळा त्यात नसेल तर आपणच घालू शकतो. ‘स्ट्रीटकम्प्लीट’ हे ॲप रस्त्यावर उभं राहून साधे प्रश्न विचारतं : हा रस्ता डांबरी की मातीचा? या दुकानाची वेळ काय? उत्तर दिलं की नकाशात भर पडते. मराठी नावासाठी वेगळा रकाना आहे, तो देवनागरीत भरता येतो. शाळेच्या मुलांकडून आपल्या गावाचा नकाशा पुरा करून घेणं हा भूगोलाचा उत्तम प्रकल्प होईल. व्यापारी नकाशावर दुकानं आधी दिसतात, कारण पैसा तिथे आहे. लोकांनी भरलेल्या नकाशावर पाणवठाही तेवढ्याच मानाने येतो.

उणीव सांगायलाच हवी. पुण्याहून नगरला येताना वाटेत वाहतूक तुंबली आहे का, हे या नकाशांना सांगता येत नाही. ती माहिती लाखो फोनच्या हालचालींतून मिळते.

घरचं बोलणं घरात

व्हॉट्सॲपवरचे संदेश 2016 पासून दोन्ही टोकांना कूटबद्ध असतात, म्हणजे मजकूर मधल्या कंपनीला वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, किती वाजता, किती वेळा, कोणत्या गटात, ही वरची माहिती उरतेच. रोज रात्री एकाच डॉक्टरला जाणारे संदेश किंवा वकिलाला लागोपाठ केलेले कॉल मजकूर न वाचताही बरंच सांगून जातात.

‘सिग्नल’ ही सेवा ना-नफा संस्था चालवते. व्हॉट्सॲपचे सहसंस्थापक ब्रायन ॲक्टन यांनी 2018 मध्ये 5 कोटी डॉलर देऊन तिचा पाया भक्कम केला. व्हॉट्सॲपची कूटबद्धताही सिग्नलच्याच पद्धतीवर आधारलेली आहे. फरक साठवणुकीत आहे. 2016 मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायालयीन आदेशाने सिग्नलकडे दोन क्रमांकांची माहिती मागितली. संस्थेला देता आलं ते इतकंच : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. बाकी काही तिने साठवलंच नव्हतं.

आपल्या बोलण्यावर कोणाचा डोळा आहे हे माणसाला कळलं की बोलणंच बदलतं, याची साक्ष नगरच्या किल्ल्यात आहे. 1942 ते 1945 या काळात तिथे काँग्रेसचे नेते स्थानबद्ध होते. मौलाना आझाद यांनी तिथे आपल्या मित्राला उद्देशून पत्रं लिहिली, पण ती पाठवली नाहीत. सुटकेनंतर त्यांचं ‘गुबार-ए-खातिर’ हे पुस्तक झालं. मन मोकळं करायचं तर ते पोस्टात न टाकलेल्या पत्रातच, अशी ती परिस्थिती होती.

पण दूध संकलनाचा गट, दिंडीचा गट, शाळेच्या पालकांचा गट व्हॉट्सॲपवरच राहणार. तो सोडून एकट्याने बाहेर पडलो तर उद्याचं टँकरचं वेळापत्रक आपल्यालाच कळणार नाही. म्हणून व्हॉट्सॲप गावासाठी ठेवावं आणि घर तेवढं हलवावं. श्रीरामपूरला आई, पुण्यात लेक, परदेशी मुलगा आणि आपण, असा चौघांचा गट हलवणं जमण्यासारखं आहे. आईला सुरक्षिततेवर व्याख्यान देऊन उपयोग होत नाही. “आई, नातवाचे फोटो आता या निळ्या चौकटीत येतील,” एवढं सांगून तिच्या फोनवर ॲप बसवून द्यावं, आयकॉन पहिल्या पडद्यावर ठेवावं, अक्षरं मोठी करून द्यावीत आणि दोन दिवस व्हिडिओ कॉल तिथूनच करावा. सिग्नलचा पिन आणि बॅकअपची किल्ली घरच्या डायरीत लिहून ठेवावी. फोन हरवला आणि बॅकअप नसेल तर जुने संदेश परत येत नाहीत. साठवणूक कमी असण्याची ती किंमत आहे.

मेल, फोटो, पैसा

मेलसाठी स्वित्झर्लंडची प्रोटॉन आणि जर्मनीची टुटा या सेवा आहेत. दोन्हींत थोडी जागा मोफत मिळते आणि जास्त हवी तर वर्गणी भरावी लागते. वर्गणी हेच त्यांचं उत्पन्न, म्हणून जाहिरातीसाठी मेल चाळण्याची गरज त्यांना पडत नाही. पण जीमेल एकदम बंद करू नका. बँक, आयकर, विमा, मुलांच्या प्रवेशाचे अर्ज सगळीकडे तोच पत्ता दिलेला असतो. नवा पत्ता उघडा, जुन्यावरचे मेल तिकडे वळवा आणि जिथे जिथे काम पडेल तिथे पत्ता बदलत जा. वर्षभरात बहुतेक ठिकाणं आपोआप उरकतात.

फोटोंसाठी ‘एन्टे’ ही सेवा पाहण्यासारखी आहे. पूर्वी गुगलमध्ये काम केलेले विष्णू मोहनदास यांनी ती सुरू केली. फोटो फोनवरच कूटबद्ध होऊन वर जातात, त्यामुळे सेवा चालवणाऱ्यांनाही ते दिसत नाहीत. पासवर्डसाठी ‘बिटवॉर्डन’ वापरा. सगळीकडे एकच पासवर्ड ठेवण्याच्या सवयीइतका मोठा धोका दुसरा नाही.

युट्युबला आज खरा पर्याय नाही. कीर्तनं, शेतीचे सल्ले, परीक्षांची तयारी सगळं तिथेच आहे. तिथे पाहण्याचा इतिहास बंद करावा, खात्यातून बाहेर पडून पाहावं. एवढ्याने नोंद निम्म्यावर येते असा दावा मी करणार नाही, पण शिफारशींचा विळखा नक्की सैल होतो.

पैशाच्या बाबतीत रोख व्यवहार सर्वांत खासगी. यूपीआय वापरायचं तर बँक आणि राष्ट्रीय देयक महामंडळ यांच्याकडे नोंद राहणारच. पण मध्ये तिसरी कंपनी असलीच पाहिजे असं नाही. महामंडळाचं स्वतःचं ‘भीम’ ॲप 30 डिसेंबर 2016 पासून आहे, शिवाय अनेक बँकांची आपली ॲप आहेत. दुकानदाराला काहीच फरक पडत नाही, कारण क्यूआर कोड तोच चालतो.

देशी म्हणजे खासगी, असं नसतं

2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये झोहो कंपनीच्या ‘अरट्टाई’ या संदेश ॲपची देशभर चर्चा झाली. देशी सेवा वाढाव्यात ही भावना योग्यच आहे. पण त्या वेळी अरट्टाईत कॉल दोन्ही टोकांना कूटबद्ध होते आणि लिखित संदेश नव्हते. म्हणून सेवा कुठल्या देशाची हा दुसरा प्रश्न धरावा. पहिले प्रश्न असे : उत्पन्न कशातून येतं? मजकूर कोणाला वाचता येतो? आज्ञावली बाहेरच्या जाणकारांना तपासता येते का? आणि उद्या निघून जायचं ठरवलं तर आपला मजकूर बरोबर नेता येतो का?

आपुलकीच्या नावावर डोळे मिटून चालत नाही, हे नगरकरांना निराळं सांगायला नको. ऑक्टोबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेने नगर अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेचा परवाना रद्द केला. बँक आपल्याच लोकांची होती, पण आपलेपणा ठेवींचं रक्षण करू शकला नाही. रक्षण होतं ते चोख लेखापरीक्षणाने. मुक्त स्रोताच्या आज्ञावलीचं मोल त्यातच आहे : तिचा हिशेब कोणालाही तपासता येतो आणि कारभार पटला नाही तर त्याच आज्ञावलीवर नवी संस्था उभी करता येते. ऑर्गॅनिक मॅप्सच्या मालकीबद्दल पुरेशी पारदर्शकता नाही असं वाटल्यावर 2025 मध्ये त्यातल्याच काही कार्यकर्त्यांनी कोमॅप्स सुरू केलं. वापरणाऱ्यांचा नकाशा मात्र तसाच राहिला.

एकट्याचं काम नाही

स्वतःचा फोन सुधारला तरी आपली बरीच माहिती दुसऱ्यांच्या हातून जाते. शाळा पालकांचे क्रमांक आणि मुलांचे फोटो गटात टाकते. पतसंस्था आधारच्या प्रती कोणाच्या तरी मोफत ड्राइव्हवर ठेवते. सोसायटी सभासदांची यादी सगळ्यांना पाठवते. हे एकट्याने सुटणारे प्रश्न नव्हेत, आणि अशा प्रश्नांना संस्थेतून उत्तर देण्याची परंपरा या जिल्ह्याला आहे. उसाचे खासगी कारखाने इथे आधीपासून होते. हरेगावची बेलापूर कंपनी त्यांतलीच. लोणीच्या विठ्ठलराव विखे पाटलांनी शेतकऱ्यांकडून भागभांडवल जमवलं, अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि 1950 मध्ये प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला. यंत्रं तशीच होती, मालकी बदलली.

डिजिटल सेवांमध्येही मालकी बदलता येते, याची उदाहरणं आहेत. केरळातल्या सरकारी शाळा बरीच वर्षं मुक्त स्रोताच्या प्रणालीवर शिकवत आहेत. जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्याने 2025 पर्यंत 40 हजारांहून अधिक टपालपेट्या मायक्रोसॉफ्टच्या सेवेवरून मुक्त स्रोताच्या सेवेवर हलवल्या, कार्यालयांत ‘लिब्रेऑफिस’ आणलं. लिब्रेऑफिस मराठीतही चालतं. दस्तऐवज साठवण्यासाठी ‘नेक्स्टक्लाउड’ ही आज्ञावली कोणालाही आपल्या संगणकावर बसवता येते. लोणी, संगमनेर, नगर इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतले विद्यार्थी दर वर्षी प्रकल्प शोधत असतात. एखाद्या तालुक्यातल्या शाळांसाठी आणि पतसंस्थांसाठी असा सामायिक सर्व्हर त्यांनी उभा केला, तर विद्यार्थी शिकतील आणि कागदपत्रं तालुक्यातच राहतील. त्याची देखभाल फुकटात होणार नाही. एक पगारी माणूस, रोजचा बॅकअप आणि वर्षाचं तांत्रिक परीक्षण याची तरतूद आधी करावी लागेल. ती जिथे होणार नाही तिथे सर्व्हर उभारूच नये.

कायद्याचं बळही आता थोडं आलंय. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023 मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले. तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. आपली कोणती माहिती ठेवली आहे हे विचारण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा आणि गरज संपल्यावर पुसून टाकायला सांगण्याचा हक्क तो देतो. याच कायद्याने माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8 मध्ये बदल करून वैयक्तिक माहिती नाकारण्याची वाट रुंद केली, ही मात्र चिंतेची बाब आहे. नागरिकाच्या खासगीपणाची ढाल अधिकाऱ्याच्या कारभाराला मिळता कामा नये.

या हक्कांचा उपयोग करायला न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. आपण कुठल्या ना कुठल्या पतसंस्थेचे, दूध संस्थेचे, शिक्षणसंस्थेचे सभासद असतोच. वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस आली की तीन प्रश्न लेखी द्यावेत. आमची कोणती माहिती संस्थेकडे आहे? ती कोणाच्या संगणकावर ठेवली आहे आणि कोणाकोणाला दिली जाते? गरज संपल्यावर ती पुसण्याचा नियम काय? उत्तरं इतिवृत्तात नोंदवून घ्यावीत आणि पुढच्या वर्षी त्यांचा पाठपुरावा करावा. दहा गावांतल्या दहा सभांत हे प्रश्न विचारले गेले, तर संगणकाचं काम पाहणाऱ्या कंत्राटदाराला ते विचारणं संचालक मंडळांना भाग पडेल. एकेकट्या फोनवर पंचवीस ॲप बदलून जे होणार नाही, ते अशा ठरावांतून होईल.